जुन्या गाड्यांचा मागचा ॲक्सल : वजन कोण घेतं, जोर कोण घेतं?

गियरवेडा_सातारा

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असलं की लोक बॉनेट उघडून इंजिन बघतात, पितळेचे दिवे बघतात, भोंगा वाजवून बघतात, पण मागं जाऊन खाली वाकून हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं लोखंडी आवरण, बघणारा माणूस मला फार कमी वेळा दिसलाय आणि याचं खरंच वाईट वाटतं. माझ्या मते मोटार नवीन होती तेव्हा बनवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त कस लागला तो मागच्या ॲक्सलवर. इंजिनाची ताकद गाडीच्या लांबीच्या दिशेनं येते, ती काटकोनात वळवायची, वेग कमी करून जोर वाढवायचा, दोन चाकांत वाटायची, आणि हे सगळं चाकं पाट्यांच्या स्प्रिंगवर वर-खाली होत असताना. त्यात तेव्हाचं स्टील, तेव्हाचे रस्ते.

मी एमआयडीसीत टर्निंगचं काम करतो, जुन्या गाड्यांचे शाफ्ट, बुश, वॉशर करून घ्यायला लोक येतात. कुठलाही ॲक्सल समोर आला की दोन प्रश्न विचारायचे असं माझं ठरलेलं आहे. गाडीचं वजन कोण घेतं? आणि चाक रस्त्याला जो मागं रेटा देतं, त्यातून गाडीला पुढं ढकलणारा जोर चासीपर्यंत कुठल्या वाटेनं जातो? या दोन उत्तरांवर तो ॲक्सल कुठं झिजणार, कुठं तुटणार हे बरंचसं कळतं.

सुरुवात बेंझपासून करू. १८८६ च्या पेटंटवाल्या तीनचाकीत इंजिनावरून पट्टा एका आडव्या शाफ्टवर येतो, डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गियर, त्या शाफ्टवर आहे, आणि त्याच्या दोन टोकांवरून दोन चेन मागच्या दोन चाकांना. म्हणजे मागचा ॲक्सल स्वतः फिरतच नाही, आपल्या बैलगाडीच्या आखासारखा नुसता वजन पेलून बसतो. हे वाटतं तितकं मागास नव्हतं हं. १९०१ ची ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीज, जिला पहिली आधुनिक मोटार म्हणतात, ती पण चेनवरच चालायची. मोठ्या ताकदीच्या गाड्यांनी चेन बरीच वर्षं सोडली नाही कारण बेव्हल गियर, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारे शंकूसारखे गियर, आणि जॉइंट तेवढा जोर सहन करतील याची खात्री नव्हती. आणि चेनमध्ये सोय अशी की घाटाची गाडी पाहिजे तर पुढचं चक्र लहान टाकायचं, झालं. मॅक कंपनीचा बुलडॉग ट्रक तर १९३० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चेनवर होता.

तोटे पण सांगायला पाहिजेत. आवाज, धूळ, चिखल, आणि चेन ताणली की चाक मागं सरकवून घ्यायला पट्ट्या, ज्यांना रेडियस रॉड म्हणतात. चाकाचा पुढं ढकलायचा जोर पण त्याच पट्ट्या घेतात.

मग लुई रेनोनं १८९८ मध्ये चेन काढून टाकली, शाफ्ट सरळ मागं नेला आणि बेव्हल गियर ॲक्सलमध्येच बसवले. त्याच वर्षी ख्रिसमसच्या आदल्या रात्री पॅरिसमधल्या र्यू लपिक नावाच्या चढाच्या रस्त्यावर ती गाडी चढवून दाखवली आणि तिथंच ऑर्डरी घेतल्या. आज आपल्या जीप-ॲम्बॅसडरच्या खाली जे दिसतं त्याचं मूळ तिथं आहे.

तुमच्याकडं काय माहिती आहे ती लिहा. गाडी असेल तर हौसिंगचं वर्णन टाका.

तासगावकर_बेदाणा

लई भारी विषय काढला दादा. एक बेसिक विचारतो, डिफरन्शियल नसंल तर काय बिघडतंय नेमकं? दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर गाडी चालणार नाय का?

सई_विश्रामबाग

चालेल, पण वळताना भांडेल. मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना मशीन शिकवते तेव्हा हे गणित फळ्यावर करायला लावते. जुन्या फोर्डच्या दोन चाकांतलं अंतर ५६ इंच. गाडीनं एक पूर्ण गोल फेरी मारली तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा साधारण २९ फूट जास्त चालतं. आणि गंमत म्हणजे गोल केवढा आहे यानं काही फरक पडत नाही, पोवई नाक्याएवढा घ्या नाहीतर अख्ख्या अजिंक्यताऱ्याला वळसा घाला, फरक २९ फूटच, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर अवलंबून आहे. दोन्ही चाकं एका दांड्यावर घट्ट असतील तर हे २९ फूट कुणीतरी रस्त्यावर घासून भरून काढायचे. टायर घासणार, नाहीतर दांडा पिळणार.

डिफरन्शियल मोटारीपेक्षा जुनं आहे बरं का. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. पुढं १८७७ मध्ये इंग्लंडात जेम्स स्टार्लीनं ते तीनचाकी सायकलला लावलं. म्हणजे बेंझच्या हातात ते तयार आलं.

आणि डिफरन्शियल न लावता गाड्या विकणारे पण होते. इंग्लंडची फ्रेझर नॅश, १९२० आणि ३० च्या दशकातली. प्रत्येक गियरला वेगळी चेन, मागं सरळ एकच दांडा, डिफरन्शियल नाही. मग वळताना त्रास कमी व्हावा म्हणून मागची चाकं एकमेकांच्या जवळ ठेवलेली. वर दिलेल्या गणिताचंच ते उत्तर आहे, अंतर कमी केलं की फरक कमी.

तासगावकर_बेदाणा

आयला, गोल कितीबी मोठा असला तरी २९ फूट! हे डोक्यात बसायला येळ लागला पण कागदावर करून बघितलं, बरोबर येतंय. धन्यवाद मॅडम.

डेपोवाले_काका

मी एसटीत मेकॅनिक होतो, आता रिटायर. वजन कोण घेतं या प्रश्नावर लिहितो कारण ते हातानं केलेलं काम आहे.

बसचा आणि ट्रकचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग. म्हणजे चाकाचा हब दोन बेअरिंगवर हौसिंगच्या नळीवर बसतो, सगळं वजन नळी घेते, आतला शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. रस्त्यात शाफ्ट तुटला तर जॅक लावायची पण गरज नाही, हबच्या मधले नट काढायचे आणि शाफ्ट ओढून घ्यायचा, चाकं जागेवर. तुटलेला आतला तुकडा काढायला मात्र कसरत असते. गाडी टोचन करून न्यायची असली तरी आम्ही आधी शाफ्ट काढायचो म्हणजे गियरबॉक्स उगाच फिरत नाही.

सेमी फ्लोटिंगमध्ये बाहेरचं बेअरिंग नळीच्या आत आणि शाफ्टच्या अंगावर. म्हणजे शाफ्ट फिरवतो पण आणि वजन पण घेतो, वळताना चाक जे आडवं रेटतं ते पण त्याच्यावरच. हा शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक शाफ्टाच्या तुकड्यासकट गाडी सोडून पुढं जातं. हलक्या गाड्यांना स्वस्त आणि हलका म्हणून हाच प्रकार जास्त चालला.

तिसरा थ्री क्वार्टर फ्लोटिंग. हबला एकच बेअरिंग, ते नळीच्या बाहेरून. वजन नळी घेते पण वळतानाचा आडवा रेटा शाफ्टला काही प्रमाणात सोसावा लागतो. १९२७ ते ३१ ची फोर्ड मॉडेल ए याच प्रकारची.

वाईकर_घाटवाट

काका मस्त. आता मला एक सांगा, आमच्या पसरणी घाटातून त्या काळात मॉडेल टी खाली आणायची म्हणजे ब्रेकचं काय करत असतील? मी वाचलंय की मॉडेल टी चा ब्रेक चाकांवर नसतो म्हणे.

गियरवेडा_सातारा

वाईकर, हाच प्रश्न पाहिजे होता मला. जरा सविस्तर लिहितो कारण मॉडेल टी चा मागचा ॲक्सल हा विषय माझ्या जिवाचा आहे.

१९०८ ते १९२७ दीड कोटी गाड्या निघाल्या. मागं एकच आडवा पाटा, डावीकडून उजवीकडं. आता बघा, पाटे लांबीच्या दिशेनं असतील तर ते ॲक्सलला पुढं-मागं धरून ठेवू शकतात. आडवा पाटा दोन्ही टोकांना शॅकलवर लटकलेला, तो पुढं-मागं काहीच धरू शकत नाही. म्हणून फोर्डला शाफ्टभोवती जाड नळी घालावीच लागली, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. ती मागं हौसिंगला बोल्टनं पक्की आणि पुढं गियरबॉक्सच्या मागं एका गोळ्यात बसते. चाकांचा सगळा जोर त्या नळीतून पुढं जाऊन तिथं गाडीला ढकलतो. बाजूच्या दोन रेडियस रॉडनी ॲक्सल काटकोनात राहतो. जॉइंट फक्त एक, त्या गोळ्याच्या आत.

आता ब्रेक. पायाचा ब्रेक गियरबॉक्समधल्या ड्रमवर पट्टा आवळतो. म्हणजे ब्रेकचा जोर प्रोपेलर शाफ्ट, पिनियन (त्याच्या टोकाचा लहान गियर), क्राऊन (पिनियननं फिरणारा मोठा गियर), चाकाचा शाफ्ट अशा सगळ्या वाटेनं चाकाला पोचतो. त्या वाटेत एक वस्तू कच्ची होती. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर बॅबिटचे, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूचे. क्राऊनच्या मागचा वॉशर पिनियनचा रेटा खात बसतो. जुना झाला की तडकतो, चुरा होतो, मग क्राऊन बाजूला सरकतं आणि पिनियनच्या दातातून सुटतं. आणि ते सुटलं की गाडी ओढायची पण बंद आणि पायाचा ब्रेक पण बंद, दोन्ही एकदम. घाटात उतारावर. रिव्हर्सचं पेडल दाबून गाडी थांबवायची युक्ती लोक वापरतात पण ती पण त्याच वाटेनं जाते, त्यामुळं तिचा पण उपयोग नाही. उरतो फक्त हाताचा ब्रेक, जो मागच्या ड्रममध्ये ओतीव लोखंडाच्या छोट्या शूजवर चालतो आणि भरल्या गाडीला उतारावर थांबवण्याएवढा दमदार नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, कुणाच्याही घरात मॉडेल टी असेल आणि ती चालू करायचा विचार असेल तर इंजिनाला हात लावायच्या आधी हौसिंग उघडा. आत बॅबिट असेल तर ते दिसायला कितीही चांगलं असू दे, काढा आणि ब्राँझचे वॉशर घाला. माझ्या लेथवर हे काम आलं की मी दुसरी कामं बाजूला ठेवतो.

चढाचं पण एक सांगतो. टाकी सीटखाली आणि पेट्रोल पंप नाही, पेट्रोल नुसतं उतारानं कार्ब्युरेटरकडं येतं. टाकी अर्धीमुर्धी असताना खडा चढ आला की पेट्रोल पोचत नाही, म्हणून लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. रिव्हर्सचा गियर पण पहिल्यापेक्षा ताकदीचा.

वाईकर_घाटवाट

बापरे. वॉशरसारख्या गोष्टीवर ब्रेक अवलंबून. पण मग टॉर्क ट्यूब ही पद्धत चांगली का वाईट? मला तर ती फार नीटनेटकी वाटते, शाफ्ट झाकलेला, धूळ नाही, जॉइंट एकच, पाट्याला फक्त वजन पेलायचं काम.

डेपोवाले_काका

नीटनेटकी दिसते पण काम करणाऱ्याला विचारा. क्लच प्लेट बदलायची तर नळी आड येते, अख्खा ॲक्सल मागं सरकवायचा. त्यापेक्षा उघडा शाफ्ट, दोन टोकांना दोन क्रॉस, आठ बोल्ट सोडले की शाफ्ट हातात. हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात त्याला, फ्रेंच हॉचकिस कंपनीच्या नावानं. ॲम्बॅसडर, फिएट अकराशे म्हणजे पुढची पद्मिनी, जीप, सगळ्यांची हीच पद्धत. ढकलायचा जोर पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून जातो आणि हौसिंग उलटं पिळायला बघतं ते पण पाटेच धरतात. म्हणून पुढच्या डोळ्याचा बुश गेला, यू बोल्ट सैल झाले किंवा मधला बोल्ट तुटला की ॲक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यागत चालते. लोक अलाइनमेंट अलाइनमेंट करत पुढं बघतात, दोष मागं असतो.

सई_विश्रामबाग

दोघांचं बरोबर आहे, फक्त प्रश्न स्प्रिंगचा आहे. लांबीच्या दिशेचे पाटे असतील तर हॉचकिस स्वस्त आणि सोपी, म्हणून जगभर तीच जिंकली. पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग घातल्या तर त्या पुढं-मागं काही धरत नाहीत, मग नळी नाहीतर वेगळे दांडे पाहिजेतच. ब्युइकनं १९३८ ला मागं कॉइल घातल्या आणि टॉर्क ट्यूब १९६० पर्यंत ठेवली. फोर्डनं आडवा पाटा १९४८ पर्यंत ठेवला तर नळी पण तोपर्यंत राहिली. म्हणजे गियरवेडा म्हणतात तो दुसरा प्रश्न विचारला की उत्तर स्प्रिंगकडं बघूनच मिळतं.

जाता जाता द दियों ॲक्सलचं नाव घ्यायलाच हवं, मला तो सगळ्यात देखणा वाटतो. १८९० च्या दशकात द दियों-बुतों कंपनीत शार्ल त्रेपार्दू नावाच्या इंजिनियरनं काढला, नाव मात्र मालकाचं लागलं. डिफरन्शियल चासीला पक्कं, त्यातून दोन्ही बाजूंना जॉइंटवाले शाफ्ट, आणि चाकं एका हलक्या वाकवलेल्या नळीनं एकमेकांना जोडलेली. वजन नळी घेते, शाफ्ट फक्त फिरवतात, आणि जड डिफरन्शियल स्प्रिंगच्या वर गेल्यामुळं खड्ड्यात चाक पटकन खाली येऊन रस्ता धरतं. १९३७ च्या मर्सिडीजच्या ग्रां प्री गाडीनं आधीचे स्विंग ॲक्सल सोडून हाच धरला.

मिरजेचा_जीपवाला

राम राम मंडळी, धागा वाचून थांबवेना म्हणून लिहायलोय. माझ्याकडं जुनी सीजे थ्रीबी जीप हाय. तिचा मागचा ॲक्सल वेग घेतला की हूऊऊ करून ओरडायलाय, ॲक्सिलरेटर सोडला की गप. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं क्राऊन-पिनियन गेलं, दुसरा म्हणायलाय चाकाचं बेअरिंग. जुन्या बाजारात एक क्राऊन मिळायलंय, पिनियन वेगळीकडनं बघू म्हणतोय. घेऊ का?

गियरवेडा_सातारा

भाऊ, घेऊ नका. क्राऊन आणि पिनियन जोडीनं घासून जुळवलेले असतात, जोडीचा नंबर दोन्हीवर कोरलेला असतो. एकाचं क्राऊन दुसऱ्याचं पिनियन घातलं तर दात बरोबर मोजून असले तरी ओरडणारच, आणि लवकर खाणार.

आवाजावरून सांगायचं तर ओढताना ओरडतं आणि सोडल्यावर गप होतं म्हणजे संशय आधी पिनियनवर, त्याच्या बेअरिंगच्या प्लेवर. चाकाचं बेअरिंग असतं तर ॲक्सिलरेटरशी त्याचं देणंघेणं नसतं, डावीकडं-उजवीकडं वळताना त्याचा आवाज बदलतो. पिनियनचा नट आणि प्रीलोड (बेअरिंग किती आवळून बसवलंय ते) बघा, मग दातांना निळा रंग लावून डाग कुठं उमटतो ते बघा. डाग दाताच्या मधोमध पाहिजे, एका टोकाला किंवा कडेला सरकला असेल तर शिमचा, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचा, खेळ आहे, दात अजून चांगले असू शकतात.

रेशो आधी नक्की करा. एक मागचं चाक उचला, गियर न्यूट्रल, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. दोन फेरे कारण दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतं. सव्वापाचाच्या किंचित वर आलं तर ४३ आणि ८ दातांचा, म्हणजे ५.३८ चा. युद्धातल्या विलीज एमबीला ३९ आणि ८ असायचे, ४.८८.

हे ४३-८, ३९-८, मॉडेल टी चे ४०-११ असले आकडे का घेतात हे मला फार आवडतं. दोन्ही आकड्यांना सामायिक भाग जात नाही. त्यामुळं पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीनं भेटतो आणि झीज सगळीकडं सारखी होते. ४० आणि १० घेतले असते तर तेच दात तेच दात आयुष्यभर भेटले असते, एक दात खराब झाला की त्याच्या समोरचे ठरलेले चारच खराब.

डेपोवाले_काका

जीपवाले, चाक उचलायच्या आधी माझं ऐका. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. एक मागचं चाक उचललं की हँडब्रेक लावलेला असला तरी डिफरन्शियल उचललेल्या चाकाला उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक घरंगळतं. गाडी जॅकवरून पडते. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. यात सूट नाही.

मिरजेचा_जीपवाला

काका हे कुणीच सांगितलं नव्हतं, लय उपकार. आणि ऑइल कुठलं घालू? दुकानदार म्हणतोय सगळीकडं नव्वद नंबर चालतंय.

सई_विश्रामबाग

नंबर हा फक्त जाडपणाचा आहे, आतलं रसायन वेगळं असतं. जीपचे गियर हायपॉइड आहेत, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं. पॅकार्डनं ही पद्धत मोटारीत आणली, १९२७ च्या मॉडेलला, त्यामुळं शाफ्ट खाली गेला आणि गाडीची उंची कमी करता आली. पण त्यात दात एकमेकांवर घसरतात पण, साध्या बेव्हलमध्ये एवढं घसरत नाहीत. घसरण आली की ऑइलचा थर फाटतो, म्हणून दाब सोसणारं ईपी ऑइल लागतं. तुम्हाला ८०-९० किंवा ९० चं हायपॉइड ऑइल, बाटलीवर जीएल-५ लिहिलेलं.

मात्र हेच ऑइल वर्म ड्राइव्हच्या जुन्या ॲक्सलमध्ये घालू नका. लँचेस्टर, जुन्या डेमलर, फोर्डचा टीटी ट्रक यांच्यात मळसूत्रासारखा वर्म एका ब्राँझच्या चाकाला फिरवतो. फार शांत चालतो आणि एका टप्प्यात खूप रिडक्शन मिळतं, टीटी ला ७.२५. पण ईपी ऑइलमधलं गंधक गरम झालं की पिवळ्या धातूला खातं. गियरवेडा, तुम्ही मॉडेल टी ला ब्राँझ वॉशर घालता तिथं पण हे लागू आहे.

गियरवेडा_सातारा

एकदम बरोबर, मी तिथं बिनगंधकाचं जाड १४० सांगतो.

जीपवाले, तुमच्या थ्रीबीचा ॲक्सल सेमी फ्लोटिंग असणार, ओळखायचं म्हणजे चाकाच्या मध्ये मोठा नट आणि कॉटर पिन दिसेल. फुल फ्लोटिंग असता तर बोल्टांची चकती दिसली असती. शाफ्टाचं टोक टेपर, त्यावर चावी, हब पुलरशिवाय निघणार नाही, हातोडा मारू नका, त्यानं आतला थ्रस्ट ब्लॉक आणि बेअरिंग दोन्ही मार खातात. शाफ्ट बाहेर आल्यावर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे का बघा, सेमी फ्लोटिंगचा शाफ्ट बहुतेक तिथूनच सुरुवात करतो. चुना आणि रॉकेलनं पण चीर दिसते: शाफ्ट रॉकेलमध्ये भिजवून पुसा, वर चुन्याचा पातळ हात द्या, चीर असेल तर वाळलेल्या चुन्यावर ओली रेघ उमटते.

आणि ब्रेकच्या प्लेटमागं शिम असतील, शाफ्टचा आडवा प्ले त्याच ठरवतात. डाव्या बाजूच्या आणि उजव्या बाजूच्या वेगवेगळ्या तारेत ओवून ठेवा, पत्र्याच्या पातळ असतात, एक जरी हरवली तरी हिशोब चुकतो. दात मोजून झाले आणि डाग घेतला की फोटो इथं टाका, त्यावरून पिनियनची शिम वाढवायची का कमी करायची ते बघू.

मिरजेचा_जीपवाला

रविवारी खोलतो. नट दिसायलाय मधी, तुम्ही म्हणताय तसाच, कॉटर पिन गंजून गेलीय. फोटो टाकतो.